पैठणीचा काठ वेबपीत का फिसकटला? आणि फोटोंचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात स्वतःची वेबसाइट कशी उभी करायची ते लिहिलं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली की फोटोंबद्दल काही अडलं तर विचारा. चूक झाली. तेव्हापासून फोटो सोडून कुणी काही विचारतच नाहीये. त्यातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, बेस्ट फॉरमॅट कुठला, म्हणजे जेपीजी, पीएनजी, वेबपी असल्या फोटोच्या फाइलच्या प्रकारांतला. अहो, हे बेस्ट भांडं कुठलं विचारल्यासारखं झालं, दूध तापवायचंय का भाकरी भाजायचीय ते सांगा, मग बोलू. ज्यांनी नीट सांगितलंय त्यांचे प्रश्न घेतलेत.

प्रश्न : दादा, आमचं येवल्याला पैठणीचं दुकान आहे. साइट करून देणाऱ्या मुलाने गेल्या महिन्यात सगळे फोटो वेबपी केले, म्हणला साइट पळेल. पळतेय खरी. पण पदरावरचे मोर, काठाची बारीक नक्षी, त्यातही लाल आणि राणी कलरच्या साड्यांची, अशी फिसकटल्यासारखी दिसायला लागलीय. मुलगा म्हणतो क्वालिटी ९० ला आहे, तुम्हाला भास होतोय. भास आहे का हा? वर दोन गिऱ्हाइकांनी साडी परत पाठवली, रंग फोटोसारखा नाही म्हणून.

भास नाही. डोळे तुमचे बरोबर आहेत आणि मुलगाही खोटं बोलत नाहीये, क्वालिटी ९० असेलच, पण इथे तिचा उपयोग नाही.

होतं काय की फोटो बारीक करताना सॉफ्टवेअर आधी त्याचे दोन हिस्से करतं, एक उजेड किती आहे आणि दुसरा रंग कुठला आहे. आपला डोळा उजेडातला फरक फार बारीक पकडतो, रंगातला तेवढा पकडत नाही, रंगीत टीव्ही आला तेव्हापासून इंजिनिअर लोक ह्या गोष्टीचा फायदा घेतायत. म्हणून उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा ठेवतात आणि रंग मात्र दोन बाय दोन अशा चार पिक्सेलना मिळून एकच देतात. ह्याला ४:२:० म्हणतात. माणसाचा चेहरा, डोंगर, समुद्र, जेवणाचं ताट, कशातही हे कळत नाही, निम्मा डेटा फुकटात वाचतो.

आता पैठणी घ्या. हिरव्या जमिनीवर लाल बुट्टी, दोन्ही रंग गडद, दोघांचा उजेड जवळपास सारखा, म्हणजे ती बुट्टी बुट्टी आहे हे कळतं ते फक्त रंगामुळे. आणि नेमका रंगच आपण चारातला एक ठेवला. विणकराने एकेक धागा वेगळा घातला आणि फॉरमॅटने चार धाग्यांना मिळून एक रंग दिला, फिसकटणार नाही तर काय. लाल आणि राणी कलरवर हे सगळ्यात जास्त दिसतं. तुम्ही बरोबर तेच लिहिलंय म्हणून मला पत्र वाचतानाच अंदाज आला.

मेख अशी की आपण रोज वापरतो त्या लॉसी, म्हणजे थोडी माहिती टाकून देऊन फाइल लहान करणाऱ्या, वेबपीत ४:२:० सोडून दुसरा पर्यायच नाही. क्वालिटी ९० करा, १०० करा, रंग चौथाईच राहणार. जेपीजी म्हातारं असलं तरी त्यात निवड आहे, ४:४:४ ठेवता येतं म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग. एव्हीआयएफ नावाच्या नव्या फॉरमॅटमध्येही ठेवता येतं.

तर सगळं उलटं फिरवू नका. जिथे एका पानावर चाळीस साड्या छोट्या छोट्या दिसतात तिथे वेबपीच राहू द्या. फक्त काठ आणि पदर झूम करून बघायचे जे फोटो आहेत तेवढे ओरिजिनलवरून परत काढा, जेपीजी ४:४:४, क्वालिटी ८५ च्या आसपास. गिंप ह्या फोटो एडिटरमध्ये एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंग (हेच ते चारांना एक रंग देणं) म्हणून खाना असतो त्यात मिळेल. स्क्वूश म्हणून गुगलच्या क्रोमवाल्यांचं फुकट टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटो तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड उघडून क्रोमा सबसॅम्पलिंग बंद करा. वेबपीतच राहायचा हट्ट असेल तर त्याच टूलमध्ये शार्प आरजीबी टू वाययूव्ही अशी खूण आहे, तिने थोडं सुधारतं, पूर्ण नाही. फाइल जाड होईल, होऊ दे, हजारोंची साडी घेणारं गिऱ्हाईक एक सेकंद थांबतं.

आता रंगाचं. ही वेगळी भानगड आहे, फॉरमॅटची नाही. वेबवरचा नेहमीचा रंगपट्टा म्हणजे एसआरजीबी, आयफोन त्याच्यापेक्षा मोठ्या रंगपट्ट्यात फोटो काढतो, डिस्प्ले पी३ म्हणतात त्याला, कॅमेरे अ‍ॅडोबी आरजीबीत काढू शकतात, आणि कुठल्या पट्ट्यात काढलाय त्याची चिठ्ठी फाइलमध्ये असते, तिला कलर प्रोफाइल म्हणतात. फोटो बारीक करणारी बरीच टूल्स वजन वाचवायला ती चिठ्ठीच फाडून टाकतात. चिठ्ठी नसली की ब्राउझर सगळं एसआरजीबी धरतो आणि तुमचा लालभडक विटकरी दिसतो. म्हणून आधी एसआरजीबीत कन्व्हर्ट करायचं, प्रोफाइल फाडायचंच असेल तर मग फाडायचं, हा क्रम उलटा झाला की गेलं. आणि एक न विचारलेलं सांगतो, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फोटो काढत असाल तर कुठलाच फॉरमॅट तुम्हाला वाचवणार नाही, सकाळी दाराशी सावलीत काढा.

प्रश्न : नमस्कार सर. गुहागरजवळ आमचं होमस्टे आहे, मी आणि मिस्टर चालवतो. साइटवर पहिल्या पानावर १४ फोटो टाकलेत, मोबाइलवर काढलेले. लोक म्हणतात लिंक उघडतच नाही, एकाच्या फोनमध्ये तर ब्राउझरच बंद पडला. वेबपी करू का एव्हीआयएफ?

ताई, आधी दोन्ही बाजूला ठेवा. तुमची साइट मी बघितली, एकेक फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे आणि पाचेक एमबीचा, चौदांचे मिळून ७० एमबी झाले. घाटात एक काडी रेंज असलेला माणूस ते कधी उतरवणार.

पण ब्राउझर बंद पडला त्याचं कारण अजून वेगळं आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून जरा हिशोब करू. फाइल ५ एमबीची असो नाहीतर तुम्ही एव्हीआयएफ करून १ एमबीची करा, पडद्यावर दाखवायच्या आधी फोनला ती पूर्ण उलगडावीच लागते, आणि उलगडली की एका पिक्सेलला ४ बाइट धरतात. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, गुणिले ४ म्हणजे ४८ एमबी, एका फोटोला. चौदांना ६७२ एमबी. ती रॅम साध्या फोनकडे मोकळी नसते, मग ब्राउझर हात वर करतो. फॉरमॅट बदलून डाउनलोड कमी होतं, हे ओझं एक बाइटनेही कमी होत नाही. गादी व्हॅक्यूम पिशवीत घालून आणली म्हणून खोलीत अंथरल्यावर लहान होत नाही, तसंच.

ओझं कमी होतं ते फक्त लांबी रुंदी कमी केल्यावर. बहुतेक अँड्रॉइड फोनचा पडदा रुंदीला १०८० पिक्सेल, स्वस्तातल्यांचा ७२०. त्याच्यावर ४००० पिक्सेलचा फोटो पाठवून तुम्ही काय कमावता? सगळे फोटो १६०० बाय १२०० करा. हिशोब परत मांडा, एकाला ७.६८ एमबी रॅम, चौदांना साधारण १०८. आणि साध्या जेपीजीत क्वालिटी ८० ला ठेवलं तरी प्रत्येक फाइल तीनेकशे केबीवर येईल. एवढं झाल्यावर वाटलं तर वेबपी करा, अजून पाव ते एक तृतीयांश वजन कमी होईल, पण तो लोणच्याचा भाग, जेवण आधीच झालेलं असेल.

वर्डप्रेसवर असाल तर २०१९ च्या ५.३ पासून ते स्वतःच २५६० पिक्सेलच्या वरचे फोटो खाली आणतं आणि छोट्या प्रतीही बनवून ठेवतं, पण तुमची साइट तशी दिसत नाही, कुणीतरी हाताने बनवलेली वाटते. त्याला सांगा दोनतीन मापं करून सोर्ससेटमध्ये दे म्हणावं, म्हणजे ज्याचा पडदा जेवढा तेवढीच फाइल उतरते. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावायला सांगा, म्हणजे माणूस खाली सरकेल तेव्हाच ते उतरतील, पण सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला अजिबात लावू नका, तोच आधी दिसायला हवा असतो आणि उत्साहात सगळ्यांना लावलं की तोच सगळ्यात उशिरा येतो, हा घोटाळा मी दर दुसऱ्या साइटवर बघतो. आणि प्रत्येक फोटोची रुंदी उंची कोडमध्ये लिहायला सांगा, नाहीतर फोटो येईपर्यंत पान उड्या मारतं आणि माणूस ‘बुक करा’ दाबायला जातो आणि भलतंच दाबतो.

मासे तळतानाचा फोटो पहिला घ्या, समुद्र सगळ्यांकडेच आहे.

प्रश्न : आमच्या मंडळाची (सांगली) साइट आहे, दरवर्षी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांचा बोर्ड जेपीजी करून टाकतो. अक्षरांभोवती माश्या बसल्यासारखे डाग येतात, शिरोरेषेच्या वर तर कायम. प्रिंटवाल्याकडे स्वच्छ असतं. काय चुकतंय?

माश्या हा शब्द आवडला, कारण इंजिनिअर लोकही त्याला मॉस्किटो नॉइजच म्हणतात. तुमच्याकडे माश्या, त्यांच्याकडे डास.

जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातलं चित्र लाटांची बेरीज म्हणून लिहितं, थोड्या सावकाश लाटा, थोड्या वेगवान. मग ज्या वेगवान आहेत त्यातल्या बऱ्याच टाकून देतं. तुम्ही मंडळवाले आहात म्हणून सांगतो, पथकात ढोल आणि ताशा दोन्ही असतात, जेपीजी ताशेवाल्यांना घरी पाठवतं. आकाश, गाल, भिंत असल्या गुळगुळीत गोष्टी ढोलावर निभतात. पण पांढऱ्यावर काळी शिरोरेषा म्हणजे कडकडीत ताशाचं काम, एका पिक्सेलला पांढरं पुढच्याला काळं, ते नुसत्या ढोलावर वाजवायला गेलं की ठोका आजूबाजूला सांडतो. तेच तुमचे डाग. रोमन लिपीतही येतात पण देवनागरीला वरून सलग रेघ असते त्यामुळे आपल्याकडे लगेच नजरेत भरतात.

जाता जाता, ह्या लाटांच्या गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात, आणि ते बेंगळुरूत जन्मलेल्या नसीर अहमद ह्यांनी नटराजन आणि के. आर. राव ह्यांच्यासोबत जानेवारी १९७४ मध्ये छापलं. त्याआधी १९७२ मध्ये अहमदांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे ह्याच कामासाठी पैसे मागितले होते, मिळाले नाहीत. जेपीजीचं स्टँडर्ड १९९२ चं. म्हणजे तुमच्या माझ्या फोनमधल्या बहुतेक फोटोंच्या पोटात एका बेंगळुरूकराचं गणित आहे, आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

बोर्डाला पीएनजी वापरा. पीएनजी काही टाकून देत नाही, आणि चारपाच सपाट रंग असलेला बोर्ड त्यात जेपीजीपेक्षाही हलका होतो. पण बोर्डावर मूर्तीचा मोठा फोटो असेल तर पीएनजी फुगून चारपाच एमबी होईल. तिथे खरा इलाज म्हणजे अक्षरं चित्रात घालूच नका. मूर्तीचा फोटो जेपीजी, आणि खाली कार्यक्रम साधा टाइप केलेला. अक्षरं कायम स्वच्छ, गुगलला सापडतात, आजोबांना मोठी करून वाचता येतात, ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन वाचून दाखवतो, आणि फोन नंबरवर बोट ठेवलं की फोन लागतो. बोर्डाचा मोह सुटत नसेल तर दोन्ही टाका.

प्रश्न : फाइलचं नाव बदलून डॉट पीएनजीचं डॉट वेबपी केलं तर चालतं का? मी केलं, साइटवर दिसतंय पण. (बीसीए, दुसरं वर्ष)

दिसतंय कारण ब्राउझर तुमच्यापेक्षा हुशार आहे. तो नावाच्या भरवशावर राहत नाही, फाइलचे पहिले काही बाइट बघतो. पीएनजीच्या सुरवातीला ८९ आणि मागोमाग पी, एन, जी ही अक्षरंच लिहिलेली असतात, जेपीजीची सुरवात एफएफ डी८ ने होते. तुम्ही घराबाहेरची पाटी बदललीत, आतले भाडेकरू तेच. फाइल एक केबीनेही कमी झाली नसणार, बघा. कन्व्हर्टच करावं लागतं. सबमिशनला असं देऊ नका.

प्रश्न : आम्ही डब्लिनला असतो, इथल्या मराठी मंडळींच्या साइटचं काम माझ्याकडे आलंय. दिवाळीचे फोटो लोक आयफोनवरून पाठवतात ते डॉट एचईआयसी असतात, माझ्या मॅकवर सफारीत दिसतात पण बाकी कुणालाच दिसत नाहीत.

एचईआयसी आयफोनमध्ये २०१७ पासून आलं, जागा कमी घेतं, फोनमध्ये ठेवायला उत्तम. पण आत जे एचईव्हीसी नावाचं कॉम्प्रेशन आहे त्याच्यावर पेटंटांचं जंजाळ आहे म्हणून सफारी सोडलं तर ब्राउझरवाले त्याच्या वाटेला जात नाहीत. साइटवर ते टाकायचंच नाही, जेपीजी करून टाकायचं. लोकांना सांगा आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग मोस्ट कम्पॅटिबल करा, पुढचे फोटो जेपीजीच येतील.

दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. तुमच्याकडे लहान मुलांचे घरात काढलेले फोटो येत असणार. फोनच्या फोटोत तो कुठे काढला त्याचे जीपीएस आकडे असू शकतात, फॉरमॅट बदलला तरी ते सोबत जाऊ शकतात. साइटवर चढवायच्या आधी हे काढून टाका. काढताना एक गंमत होते, फोटो उभा का आडवा हेही तिथेच लिहिलेलं असतं, ते आंधळेपणाने पुसलं की अर्धी मंडळी आडवी झोपलेली दिसतात. म्हणून आधी फोटो खरोखर फिरवून सेव्ह करायचा, मग पुसायचं.

प्रश्न : डीटीपीचं काम करतो, वीस वर्षं कोरलवर. क्लायंटला लोगो एसव्हीजीत हवा होता म्हणून दिला, त्याच्या साइटवर नावाच्या जागी इंग्लिश अक्षरांचा कचरा दिसतोय. माझ्याकडे बरोबर दिसतं.

तुमच्याकडे फॉन्ट आहे, त्याच्याकडे नाही. एवढंच.

एसव्हीजीत पिक्सेल नसतात, रेघ इथून तिथे, गोल एवढा, रंग अमुक, अशा लिखित सूचना असतात, म्हणून बिल्ल्यावर लावा नाहीतर होर्डिंगवर, कडा तेवढ्याच धारदार. पण त्यात अक्षरं अक्षरं म्हणून ठेवलीत तर सूचना अशी जाते की ‘अमक्या फॉन्टमध्ये हे लिही’. आणि तुम्ही जुना श्रीलिपी टाइपचा फॉन्ट वापरला असणार, युनिकोडच्या आधीचा, ज्यात आत खरं तर इंग्लिशचेच कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा पडला. प्रेसला फाइल पाठवताना जे करता तेच इथे करायचं, सगळं सिलेक्ट, कंट्रोल क्यू, कर्व्ह (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेघा होतात, फॉन्ट लागत नाही), मग एक्स्पोर्ट. मूळ फाइल न कर्व्ह केलेली जपून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी ‘अँड सन्स’चं ‘अँड ग्रँडसन्स’ करायला सांगितलं की रडाल.

आणि फोटो कोरलमध्ये आणून एसव्हीजी म्हणून एक्स्पोर्ट करू नका. आत फोटो जसाच्या तसा बसतो, नाव फक्त एसव्हीजी, वजन उलट वाढतं. ट्रेस करून लोगो काढला असेल तर नोड, म्हणजे रेघांवरचे बिंदू, मोजून बघा, साध्या कमळाचे तीन हजार नोड झालेले मी पाहिलेत.

प्रश्न : गिफ का जिफ? आणि साइटवर हलणारं तोरण लावायचंय तर गिफच ना?

ज्यांनी बनवलं त्या स्टीव्ह विल्हाइटांचं म्हणणं होतं जिफ. लोकांनी ऐकलं नाही, मीही ऐकत नाही.

कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ मध्ये काढलेली चीज आहे ती, एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंगांचा डबा, त्या काळाला ते भरपूर होतं. १९९४ च्या डिसेंबरात त्याच्या आतल्या कॉम्प्रेशनच्या पेटंटवरून युनिसिसने सॉफ्टवेअरवाल्यांकडे पैसे मागायला सुरवात केली, लोक खवळले आणि त्याच रागातून १९९५ मध्ये पीएनजी जन्माला आलं. पेटंट २००३ मध्ये अमेरिकेत संपलं, पण पुढे हळूहळू स्थिर चित्रांतून गिफची सद्दी गेली, राहिली ती फक्त हलणारी चित्रं कारण पीएनजी तेव्हा हलत नव्हतं.

तुमचं तोरण सपाट रंगाचं, पाचसहा फ्रेमचं असेल तर लावा गिफ, काही बिघडत नाही. पण मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओचं गिफ करणार असाल तर नको, तेच एमपी४ मध्ये कितीतरी पट हलकं होतं. व्हिडिओ म्हणून लावा, आवाज बंद, आपोआप चालू, परत परत, बघणाऱ्याला गिफच वाटेल. आणि एका पानावर एकच हलणारी गोष्ट ठेवा हो, कृपा करून.

प्रश्न : वेबपी, एव्हीआयएफ, जेपेग एक्सएल, ह्यातलं खरं भारी कोण? कॉलेजात वाद चाललाय. (पुणे)

वेबपी गुगलने २०१० मध्ये आणलं, दहा वर्षं अ‍ॅपलने दाद दिली नाही, २०२० मध्ये सफारी १४ ने घेतलं आणि तिथून ते खऱ्या अर्थाने सगळीकडे झालं. एव्हीआयएफ २०१९ चं, क्रोमने २०२० ला घेतलं, फायरफॉक्सने २०२१, सफारीने २०२२, आणि एज, जे आतून क्रोमचंच भावंड, ते आलं जानेवारी २०२४ ला. जेपेग एक्सएलची कहाणी दुःखी आहे, जुनी जेपीजी काहीही न गमावता साधारण पाचव्या हिश्श्याने हलकी करण्याची करामत त्याच्याकडे आहे, पण क्रोमने २०२२ मध्ये सांगून टाकलं की काढणार आणि २०२३ मध्ये ट्रायलवाला सपोर्ट काढलाही, त्याच वर्षी सफारीने मात्र घेतलं. कागदावर भारी असणं आणि चालणं ह्यातला फरक बघायचा तर हे उदाहरण वादात वापरा.

माझं मत विचाराल तर एव्हीआयएफ कमी केबीत खूप चांगलं दिसतं, आकाश, ग्रेडियंट, पोस्टर ह्यांत तर ऐकतच नाही. पण जास्त पिळलं की कापडाचा पोत, दगडाचा खरखरीतपणा, आजीच्या सुरकुत्या सगळ्याला ब्युटी फिल्टर लावल्यासारखं गुळगुळीत करतं. जेपीजी वाईट झालं की वाईट दिसतं, एव्हीआयएफ वाईट झालं तरी गोड दिसतं, म्हणून फसायला होतं. आणि बनवायला वेळ खातं, हजार फोटो असतील तर लॅपटॉपचा पंखा ऐकत बसा. पानाच्या कोडमधल्या पिक्चर टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपीजी असं लावलं तर ब्राउझर वरून खाली येत पहिलं जमेल ते उचलतो, म्हणून क्रम चुकवू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकल्यावर जो छोटा फोटो दिसतो, त्याच्यासाठी निमूट जेपीजी द्या, तिथे प्रयोग नकोत.

प्रश्न : घराण्याची वंशावळ मोडीत लिहिलेली आहे, दोन मीटर लांब गुंडाळी. ३०० डीपीआयला स्कॅन करून जोडून घेतली, साइटवर टाकायला वेबपी करायला गेलो तर एरर येते, जेपीजी होते. फाइल खराब आहे का?

फाइल चांगली आहे, वेबपीची दोरी आखूड आहे. त्यात कुठलीही बाजू १६,३८३ पिक्सेलच्या वर जाऊच शकत नाही, तुमची दोन मीटर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने, साडेतेवीस हजारांवर जाते. जेपीजीची मर्यादा ६५,५३५ आहे म्हणून ते झालं. पण होतंय म्हणून टाकू नका, वर होमस्टेवाल्या ताईंना रॅमचा हिशोब दिलाय तो तुमच्या गुंडाळीला लावून बघा. पिढ्यांप्रमाणे तुकडे करा, एकेका तुकड्याची वेगळी फाइल, किंवा मुलाबाळांपैकी कुणी कोड लिहिणारं असेल तर नकाशासारखे टाइल्स पाडून झूमवालं करून मागा. जोडलेली मोठी फाइल टिफमध्ये दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, ती साइटसाठी नाही, घराण्यासाठी. आणि जागा वाचते म्हणून तिला निव्वळ काळंपांढरं करू नका, फिकी शाई आणि कागदाचा डाग ह्यातला फरक रंगातच कळतो, मोडी वाचणाऱ्याला तोच लागतो.

प्रश्न : काका, बँकेच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबीतच हवा म्हणतात, माझा ४ एमबीचा आहे, कसलं टूल वापरू? एव्हीआयएफ चालेल?

नाही चालणार, त्यांना जेपीजीच लागतं. आयबीपीएसचा, म्हणजे बँकभरतीच्या परीक्षेचा, फॉर्म असेल तर फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि सही १४० बाय ६० पिक्सेल, सही १० ते २० केबीत. आधी कापून त्या मापाचा करा, मग क्वालिटी खालीवर करत केबी बसवा, सगळे उलटं करतात आणि ४००० पिक्सेलचा फोटो क्वालिटी ५ ला नेऊन चेहऱ्याच्या चौकटी करून घेतात. एवढ्या छोट्या मापात कधीकधी फाइल २० च्या खाली जाते आणि फॉर्म नको म्हणतो, तेव्हा क्वालिटी वाढवा. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने, आणि फोटो अनोळखी साइटवर अपलोड करून कमी करू नका, सहीचा तर अजिबात नाही.

प्रश्न : सगळे फोटो वेबपी करून झाले. आता मूळ जेपीजी डिलीट करू ना?

नको. मी २००९ च्या सुमारास घरचे सगळे जुने फोटो ‘वेबसाठी’ म्हणून ८०० पिक्सेलचे केले होते, त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने, जुन्यावर नवीन. परवा आईला तिचा एक फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. पोस्टकार्डाएवढा निघाला.